तोफेखालचं झाकण

"आजोबा, इंजिन असंच वाजायचं ना?" मुक्तानं विचारलं.

रंगनाथ शेळके कान देऊन ऐकत होते. गेम बनवणाऱ्या या मुलीनं लढाईत निकामी झालेला त्यांचा रणगाडा पडद्यावर हुबेहूब उभा केला होता. आवाज तर खुद्द त्याच्याच पोलादातून काढलेले. हल्ली लोखंडानं ऐकलेलं सगळं यंत्राला वाचता येतं.

"अगदी असंच!" ते खुशीत म्हणाले. तेवढ्यात गोळा आदळला. पाठोपाठ त्यांचाच बाविशीतला आवाज ओरडला, "यशवंता गेला! बाहेर पडा!" बूट धडधडत वर गेले. मग सगळं शांत.

आणि मग ठकठक सुरू झाली.

"रंगा, तोफ फिरव रे! झाकण उघडत नाहीये!"

शेळक्यांनी यशवंताचा आवाज ओळखला. तोफेची नळी ड्रायव्हरच्या झाकणावर आली, की ते उघडत नाही. म्हणून उतरण्याआधी नळी बाजूला करायची, हे तोफ चालवणाऱ्याचं काम. त्यांचं काम. पण ड्रायव्हर यशवंता जागीच गेला, असं ते धरून चालले होते. त्याच्या आईचे हात हातात घेऊन त्यांनी तिलाही तेच सांगितलं होतं.

"आजोबा, हे काढून टाकू?" मुक्ता कशीबशी म्हणाली.

"नळी कशी फिरवायची?"

तिनं बटण दाखवलं. त्यांनी अंगठ्यानं ते दाबलं. नळी हळूहळू बाजूला झाली आणि झाकण उघडलं.

आत कुणीच नव्हतं. मुक्तानं ड्रायव्हर अजून बनवलाच नव्हता.

ठकठक चालूच होती.