वरून दिसणारं ताट

"पाट काढा तो. आणि ताटासमोर कुणी बसू नका," शिडीवरून रतन म्हणाला. "मला नुसतं ताट हवंय."

वेणूबाई पाट उचलता उचलता थांबली. नुसतं ताट! आणि तेही पितृपंधरवड्यात!

रतन मुंबईचा फोटोग्राफर. कुठल्याशा मासिकाच्या दिवाळी अंकात कोकणातल्या खाणावळींची ताटं छापायची होती, म्हणून तो रेवदंड्याला वेणूबाईच्या खाणावळीत आला होता. आणि या बाबाला फोटो हवा होता तो थेट वरून. समोरून घेतला तर म्हणे वाटी दिसते, वाटीतलं कालवण दिसत नाही. त्यासाठी त्यानं पडवीची सहा कौलं उतरवली, बाहेरून शिडी लावली आणि त्या भगदाडातून कॅमेऱ्यासकट डोकं आत घातलं. ऊन बरोबर ताटाच्या जागेवर पडलं होतं. स्वारी भलतीच खूश होती.

हे सगळं ठरवलं होतं गुणाजीनं, वेणूबाईच्या नवऱ्यानं. पंधरा दिवसांपूर्वी रतन नुसती जागा बघायला आला, तेव्हा "आमच्या हिच्या हातचं ताट सगळ्या मुंबईला दावा," म्हणून तोच त्याच्या मागे लागला होता. मग गेल्या रविवारी गुणाजी होडी घेऊन मासेमारीला गेला, मंगळवारी येतो सांगून. सोमवारी वारा फिरला. बरोबरच्या दोन होड्या कशाबशा परत आल्या, त्याची आली नाही. आज शुक्रवार.

रतनला हे कुणी सांगितलं नव्हतं. वेणूबाईनं तरी कोणत्या तोंडानं सांगावं? फोटो नको म्हटलं असतं, तर गावानं धरलंच असतं की वेणूनं आशा सोडली. म्हणून तर ती रोज खाणावळ उघडत होती, कुंकू ठसठशीत लावत होती, अंबाड्यात अबोली माळत होती. मंगळवारपासून तिच्या पोटात अन्नाचा कण मात्र गेला नव्हता.

तिनं ताट वाढलं. तांदळाची भाकरी, भात, कालवण, कांदा, मीठ आणि मधोमध तळलेली बोय. समुद्रात कुणी उतरतच नव्हतं, तेव्हा नणंदेनं, जनीनं, खाडीवरून ही एवढी एकच मासळी मिळवली होती. वाढताना वेणूबाईनं कालवण वाटीबाहेर सांडलं.

"घाबरता काय बाई? फोटो तुमचा नाही, ताटाचा आहे!" रतन वरून हसला.

जनी चुलीपाशी पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. ती पुढे आली आणि वेणूबाईच्या कानाशी लागली. "वैनी, म्होरं मानूस न्हाय आन् वरनं बघायचं. आसलं ताट कुनाचं आसतं गं?"

"गप ऱ्हा!"

पण तिला काय कळत नव्हतं? या पंधरवड्यात गावात कुठल्या ना कुठल्या घराच्या कौलांवर रोज असं पान ठेवलेलं असायचं. जेवणारा माणूस ताटाकडे समोरून बघतो. वरून बघतो तो कावळा.

"आता कुणी हलू नका," रतन म्हणाला. "तीन म्हटलं की काढतो. एक... दोन..."

वेणूबाईचा हात पुढे गेला. तिनं भाकरी मोडली, बोयीचा पोटाकडचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला.

"अहो! हे काय केलंत? ताट उष्टं केलंत की!"

"व्हय, केलं. जितं मानूस जेवतंय ह्या ताटात. आसंच काढा."

"असं कसं काढू? दुसरी मासळी वाढा."

"दुसरी न्हाय."

उष्टं पान पितरांना ठेवत नाहीत. जनीला उमगलं, आणि तिनं तोंडाशी धरलेला पदर सोडला. रतननं मात्र शिडीवरच कपाळाला हात लावला. मुंबईहून एवढ्या लांब आला होता, रिकाम्या हातानं जायचं कसं? पुटपुटत पुटपुटत त्यानं फोटो काढला.

तेवढ्यात त्याच्या खांद्यामागे, उतरवलेल्या कौलांच्या काठावर, एक कावळा येऊन बसला. मान वाकडी करून त्यानं खाली पाहिलं. थेट ताटात.

एक घास गेला म्हणून काय झालं, अख्खं ताट भरलेलंच होतं की! वेणूबाईनं ते ओढून मांडीवर घेतलं, त्याच्यावर पुरती ओणवी झाली आणि जेवायला लागली. घास उतरेना. पाण्याच्या घोटाबरोबर ती तो ढकलत होती. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं, तेही ती भाताबरोबर खात होती.

"वैनी, हळू! काटा लागंल!" जनी रडकुंडीला आली.

तिनं ऐकलं नाही. कांदा खाल्ला, मीठसुद्धा चाटलं. जमिनीवर एक शीत पडलं होतं, ते बोटाच्या टोकानं टिपून तोंडात टाकलं. वरून रतनला आता ताट दिसत नव्हतं, नुसती तिची हलणारी पाठ आणि अंबाड्यातली अबोली दिसत होती. बाईचं काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळलं, आणि त्याचा आवाज मऊ झाला.

कावळा ओरडला. एकदा, दोनदा.

"ऐका वेणूबाई," रतन म्हणाला, "कावळा ओरडतोय. घरी कुणीतरी येणार बघा तुमच्या."

वेणूबाईनं मान वर केली. तिच्या हनुवटीला भात लागला होता. रिकामं ताट तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

"वरडू दे, भाऊ," ती म्हणाली. "शिवला न्हाय, म्हंजे झालं."