ऐन फायनलला

काशीदच्या टेनिस क्रिकेटचा माइक गेली सहा वर्षं गणराजच्या हातात होता. आणि यंदा ऐन फायनलला हा पठ्ठ्या निघाला थेट इंग्लंडला! तेही कशासाठी, तर पाचव्या विभागात तळाला लोळणाऱ्या आपल्या लाडक्या फुटबॉल क्लबची मॅच बघायला.

"अरे, आपली फायनल यूट्यूबवर लाइव्ह जातेय. तुझ्या कॉमेंट्रीशिवाय कोन बघल ती?" बायजाआत्या कळवळली.

"आत्या, गावाबाहेर आपल्या मॅचला कुत्रं विचारत न्हाय," म्हणत गणराजने बॅग उचलली.

तिथे मैदानावर मोजून दीडशे माणसं, वरून पावसाची भुरभुर. गणराज बेंबीच्या देठापासून ओरडत होता आणि शेजारचे गोरे आजोबा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले होते. शेवटी न राहवून त्याने त्यांना हलवलं, "आजोबा, गोल झाला, गोल!"

आजोबांनी वैतागून मोबाइलच त्याच्यापुढे धरला.



"काशीदची फायनल चाललीय! भाषेतलं एक अक्षर कळत नाही मला, पण तो गणराज बोलायला नसला की मजाच नाही. आज नेमका कुठे कडमडलाय कोण जाणे!"