लॅमिनेट केलेली लिंक

"काका, हा कागद कसला? एमआरआयचे फोटो कुठायत?" पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं.

"त्याच्यातच आहेत, साहेब," दिगंबर सुतार म्हणाले. फाईल फार मोठी म्हणून बार्शीच्या सेंटरनं सीडीऐवजी मोबाईलवर लिंक पाठवली होती. मोबाईलचा काय भरवसा! सुतारांनी ती कागदावर छापून घेतली आणि वर झकास लॅमिनेशन केलं. पुराच्या पाण्यात पडली असती तरी एक अक्षर पुसलं नसतं.

डॉक्टरांनी ती भलीमोठी लिंक बघून बघून कॉम्प्युटरवर टाकली. मुदत संपली आहे, असं उत्तर आलं. सेंटरला फोन लावला, तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तीस दिवसांनी फाईल आपोआप जाते." डॉक्टरांची तारीख मिळाली होती बत्तिसाव्या दिवसाची.

"पुन्हा काढावा लागेल. आजच. खाली सोय आहे."

मागच्या वेळी एमआरआयच्या त्या बोगद्यात सुतारांची बायको अनसूया पाऊण तास डोळे घट्ट मिटून पडली होती. बाहेर आल्यावर तिनं शब्दच घेतला होता, की परत मला त्यात घालायचं नाही.

ती बाहेर बाकावर बसली होती. थाप जुळवत ते शेजारी टेकले. "अगं, इथलं मशीन म्हणे एकदम मोकळंढाकळं आहे..."

अनसूयानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग गळ्यातलं मंगळसूत्र काढून त्यांच्या हातात ठेवलं.

"नीट धरा," ती म्हणाली. "मशीनला चालत नाही ते."