ठेक्यात न बसलेलं नाव

ग्रीसमधल्या आमच्या मानी भागात, घरात मयत नसताना शोकगीत गाणं अशुभ. तरीही पहिल्या अल्बमसाठी मी काल्लिरोई मावशीच्या हात धुऊन मागे लागलो. "मेल्या, ऐकायचा नाहीस तू!" म्हणत ती एकदाची गायली. शोकगीतात मयताचं नाव घ्यावंच लागतं. तिनं हसत स्वतःचंच घेतलं. ते ठेक्यात बसेना, म्हणून मी कापलं. उरलेल्यावर इलेक्ट्रॉनिक ठेका चढवला आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. अथेन्सची पोरं त्यावर बेभान नाचली.

परवा मावशी गेली. शोकगीत येणारी गावात ती शेवटचीच. शवपेटीभोवती बायका नुसत्याच बसून होत्या.

शेजारीण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "लांब्रो, ती सांगायची, 'माझं मी गाऊन ठेवलंय, पोराकडे आहे.' लाव ना रे ते."