हरकतीचं उद्यापन

"दर बारा वर्षांनी जायचं आणि हरकत घ्यायची. माझ्यामागं हे व्रत तुझं," असं सासूबाई जाताना सांगून गेल्या. त्यांना ते त्यांच्या सासूनं दिलं होतं.

म्हणून कावेरी उपास धरून तुरुंगातल्या फेरविचार समितीपुढं बसली होती. समोर गेनबा उभा होता. त्यानं तिच्या आजेसासऱ्यांचा खून केला होता. मरून कुणी जन्मठेपेतून सुटू नये, म्हणून कैद्यांना वय थांबवणारी लस टोचत. गेनबा अजून पस्तिशीचाच दिसत होता. कावेरीचे केस पिकले होते.

"यंदा तुम्ही? त्या बाई गेल्या का?" त्यानं विचारलं.

"श्रावणात गेल्या."

"गुडघ्यांनी फार छळलं त्यांना. माझी लेकही गेली, म्हातारी होऊन. आता बाहेर ओळखीचं म्हणाल तर तुम्हीच."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "बाई, सुटकेला हरकत आहे ना?"

कावेरीनं आजेसासऱ्यांना पाहिलंही नव्हतं. सासूबाईंनी एकही व्रत उद्यापनाशिवाय सोडलं नव्हतं. हे एकच तसं राहिलं होतं, आणि ती फार थकली होती.

"नाही," ती म्हणाली. "याचं आज उद्यापन."

"मग सोमवारी सोडू. न्यायला कोण येईल?" अध्यक्षांनी गेनबाला विचारलं.

"मी येईन," कावेरी म्हणाली.

सोमवारी तिनं पूजा आटोपून डब्यात पिठलं-भाकरी भरली.

"आई, खुन्याला आणायला कुणी जातं का?" मुलगा म्हणाला.

"त्याला आपल्याशिवाय आहे कोण?" असं म्हणून तिनं चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.