सातवीचा कौल

"अरे, बोला की! तोंडात काय मूग धरलेत?" बाईंनी टेबलावर डस्टर आपटला. सातवीचा वर्ग तरीही गप्प.

मागच्या बाकावर शिक्षणाधिकारी बसले होते, शेजारी मुख्याध्यापिका. त्या लवकरच निवृत्त होणार होत्या आणि त्यांची खुर्ची कुणाला मिळणार ते आजच्या तासावर ठरणार होतं, हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं. त्या खुर्चीसाठी बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. आणि आज ही कार्टी मख्ख!

उपक्रम बाईंचाच. पेटीत नाणं टाकलं की झालं दान, असं नसतं, हे त्यांनी मुलांना बजावून सांगितलं होतं. "आपल्या वस्तीत ज्याची कुणी विचारपूस करत नाही, असं माणूस शोधा. मग गुप्त मतदान घ्या. ज्याला कौल मिळेल त्याच्या घरी अख्खा वर्ग मदतीला जाईल." गल्ल्यासुद्धा त्यांनीच वाटून दिल्या. "गिरणीमागची तेवढी सोडा. तिथं मी राहते, तिथलं सगळं मला माहीत आहे."

सुरुवातीला वर्गात नुसता कलकलाट. मग काय झालं कोण जाणे, बाई आल्या की कुजबुज थांबायची. जिची जीभ कधी टाळ्याला लागत नसे ती, सगळे जिला टकळीच म्हणत ती पोरगीसुद्धा मान खाली घालून बसू लागली. काल तिनं एवढंच विचारलं, "बाई, एखादं माणूस सारखं हाका मारतंय आणि घरचं कुणी ओ देत नाहीये, तर आपण ओ द्यावी का?"

"विचारतेस काय? दिलीच पाहिजे! भ्यायचं नाही कुणाला."

पोरगी हसली नाही. नुसती बघत राहिली.

आत्ता मागच्या बाकावर मुख्याध्यापिका साहेबांच्या कानाशी लागल्या होत्या. "फार मायेच्या आहेत हो! आईचं घर विकलं आणि तिला स्वतःजवळ आणलं. म्हातारीला उंबरा ओलांडावा लागत नाही, सगळं जागेवर. नाहीतर आजकाल कोण करतं?"

"बरं, निकाल सांगा बघू," साहेब म्हणाले.

टकळी उभी राहिली. "सगळी मतं एकाच आजींना पडली, सर."

एकमत! बाईंचा जीव भांड्यात पडला. साहेब तर खूश होऊन उठलेच. "वा, बाई, याला म्हणतात शिकवणं! चला, मग आत्ताच जाऊ. आजी घरी असतील ना?"

"असतातच, सर." टकळीनं मान वर केली. "पण दाराला बाहेरून कुलूप असतं. किल्ली बाईंच्या पर्समध्ये आहे."