कोपर

अधारतालला मी मुलींना बॅले शिकवते. बघणाऱ्यांचं लक्ष पायांकडे असतं, पण खरे अवघड असतात ते हात. माझे हात बाबांनी घडवले. ते मालगाडीच्या शेवटच्या डब्यातले गार्ड होते आणि माझ्याखेरीज कुणाचंही बॅले त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"कोपर काहून पाडून राहिली?" ते खुर्चीतूनच ओरडायचे. "हात खांद्यातून उचल. ड्रायव्हर पार समोर असते, त्याले तुझी बोटं थोडीच दिसतात!"

गेले पाच दिवस बाबा दवाखान्यात होते. बोलणं बंद झालं होतं, पण उजवा हात सारखा वर जायचा आणि सावकाश हलायचा.

"दीदी, अंकल मानते ही नहीं," नर्स म्हणाली. "सलाइन निकल जाएगी. हाथ बाँध दें?"

"रहने दीजिए," मी म्हटलं.

तो हात मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. गाडी सोडायला गार्ड असाच हिरवा झेंडा दाखवतो. पण समोरून ड्रायव्हरने हात दाखवून उत्तर दिल्याशिवाय गाडी हलत नाही, हेही मला बाबांनीच सांगितलं होतं. म्हणून पाच दिवस मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

 

सहाव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि हात खांद्यातून उचलला. कोपर पडू दिलं नाही.